बावन्न गुरुवार

बडनेऱ्याचा पूल मागे पडला तेव्हा अमोलनं एका हातानं स्टिअरिंग सांभाळत दुसऱ्या हातानं खिशातला घडी केलेला कागद काढला आणि शेजारी बसलेल्या बापाच्या मांडीवर ठेवला.

“काय आहे?” खुशालरावांनी विचारलं.

“चार ओळी आहेत, बाबा. आज सभेत वाचायच्या. अहवाल संपला की लगेच.”

खुशालरावांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. ‘अहवालातील “सायंभेट” हा उपक्रम प्रस्तावित होता. तो पूर्ण झाल्याचे अनवधानाने छापले गेले. त्याबद्दल दिलगीर आहे. वयोमानामुळे मी अहवालाच्या जबाबदारीतून मुक्त होत आहे.’

“पहिल्या तीन ओळी तुह्या दिसतात,” ते म्हणाले. “चौथी कोणाची?”

मागच्या सीटवर आरतीनं, त्यांच्या सुनेनं, खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कपाशी होती. ती तिनं लग्नापासून पाहिली होती, पण इतकं निरखून कधी पाहिली नव्हती.

सत्तावीस वर्षं वऱ्हाड व्यापारी चेंबरचा वार्षिक अहवाल खुशालराव धर्माळे लिहीत आणि वाचत आले होते. सभा एक साल अमरावतीत, एक साल अकोल्यात. लोक यायचे जेवणासाठी, हे खरं; पण जेवणाआधी दीड तास पोटाला चिमटा घेऊन बसायचे ते खुशालरावांसाठी. रक्तदान शिबिरात त्रेचाळीस बाटल्या जमल्या, तर त्यांच्या तोंडून त्या एकशे त्रेचाळीस निघायच्या. आणि त्यातली एक परतवाड्याच्या भित्र्या कापडवाल्याला चढवली, तर तो खाटेवरून उठून थेट मेळघाटात वाघाला जाब विचारायला निघायचा. चेंबरनं संत्र्याची पाचशे रोपं लावली त्या साली बकऱ्यांनी चारशे नव्वद खाल्ली. अहवालात त्या बकऱ्यांच्या दुधाला संत्र्याचा वास येऊ लागला आणि नागपूरहून गिऱ्हाइकं आली. सभागृह हसून हसून डोळे पुसायचं, ‘मंजूर’ ओरडायचं आणि पंगतीला पळायचं. छापील प्रत आठवडाभर आधी घरोघरी जायची, पण ती कोणी उघडत नसे. तशी रीतच पडली होती. गोष्ट आधीच फोडली, तर सभेत काय ऐकायचं?

या रीतीनंच यंदा घात केला. अमोलला अध्यक्ष व्हायचं होतं. अमरावतीच्या राजापेठेतलं पंप-पाइपांचं दुकान चौदा वर्षं बसवून झालं होतं, आता खुर्ची हवी होती. राज्य महासंघाचा सामाजिक कार्याचा पुरस्कार मिळाला तर हवा तयार होईल, म्हणून त्यानं अहवालाची प्रत, न उघडता, नागपूरला पाठवली. पुरस्कार मिळालाही. रक्तदानाला नाही, झाडांना नाही, पाणपोईला नाही. एकोणिसाव्या पानावरच्या ‘सायंभेट’च्या सहा ओळींना: ‘वर्षभर दर गुरुवारी चेंबरतर्फे घरीच असलेल्या एका वृद्ध व्यापाऱ्याकडे जाऊन बसण्यात आले. एकूण भेटी बावन्न.’ आज महासंघाच्या ज्योत्स्नाबाई सभेला येणार होत्या. पुरस्कार द्यायला, आणि त्याआधी दोन-चार घरांची चौकशी करायला.

“ते खरं आहे, अमोल,” खुशालराव म्हणाले.

“बाबा, मागच्या सालीही तुमी खरंच लिहिलं होतं. पाणपोईचं पाणी पिऊन मूर्तिजापूरच्या म्हाताऱ्याले दात फुटले.”

“दात नाही. दाढ. अन् एकच.”

“पाहून घे,” अमोल आरशातल्या आरतीला म्हणाला.

खुशालरावांनी कागदाची घडी केली. अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्यांनी जिल्ह्यात मावणार नाहीत इतक्या थापा मारल्या होत्या आणि त्यातल्या एकीबद्दलही कोणी पुरावा मागितला नव्हता. पुरावा मागितला गेला तो नेमका या सहा ओळींचा. आता भर सभेत उभं राहून ‘हे झालंच नाही’ म्हणायचं, तर ती त्यांची आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप ठरणार होती. त्यानंतर वाचायला अहवालही उरणार नव्हता. वर्षातून एकदा दीडशे माणसं त्यांच्याकडे तोंड करून बसत. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस लोकांच्या पाठी पाहायच्या.

मूर्तिजापूर आलं, गेलं.

*

अकोल्याच्या जठारपेठेत भगवंतरावांच्या फाटकासमोर गाडी थांबली. फाटक हिरवं, कडी पितळी, आत पायरी. खुशालरावांनी अमोलला पुढे होऊ दिलं.

नऊ वर्षांत त्यांनी धाकट्या भावाचा उंबरा ओलांडला नव्हता. सभेत भेट व्हायची, ‘बरं आहे ना’ इतकं बोलणं व्हायचं. भगवंतरावांचं अख्खं आयुष्य तराजू आणि काटे विकण्यात गेलं होतं, त्यामुळे ते बोलायचेही मापात. नऊ वर्षांपूर्वी त्यांची बायको विमल गेली. त्या सालच्या अहवालात श्रद्धांजली वाचताना खुशालरावांनी सांगितलं, की चेंबरच्या शिबिरात या माउलीनं एकटीनं तीनशे लोकांना चहा पाजला, पातेलं रिकामं होईना, शेवटी पातेलंच थकलं. सभागृह हळहळलं आणि हसलंही. भगवंतराव उठून बाहेर गेले होते. व्हरांड्यात ते एवढंच म्हणाले: “अकरा लोकांले पाजला होता तिनं. ताप अंगात होता तिच्या. अकरा. तुले अकरा पुरले नाहीत, दादा.”

आज त्यांनी दार उघडलं आणि नऊ दिवसांनी भेटावं तसं म्हणाले, “ये दादा. पाय धू.”

घरात चार खोल्या होत्या, आणि त्यातल्या तिघींना आपण कशासाठी आहोत ते आठवत नसावं. मुलगी हैदराबादला. जेवण चंदाबाईच्या खानावळीतून आलं होतं: रोडगे, वांग्याची भाजी, वरण. आरतीनं पदर खोचून वाढायला घेतलं.

“काकाजी,” अमोलनं पहिल्याच घासाला विषय काढला, “अकोल्याची एकोणीस मतं तुमच्या शब्दावर आहेत.”

“अठरा. एक माझं.”

“म्हणजे तुमचं?”

“ते सभेनंतर सांगीन.” भगवंतरावांनी रोडग्यावर तूप घेतलं. “आधी ते पान एकोणीस काय भानगड आहे, ते सांगा. मी वाचलं.”

“तुमी उघडून वाचलं?” अमोल चाट पडला. “आधीच?”

“मी दरसाल वाचतो. सभेत हसू येते, मग आकडे ऐकू येत नाहीत.”

“त्याचा बंदोबस्त केला आहे. बाबा आज कबूल करणार आहेत.”

“काय कबूल करणार?”

“की तसं काही झालं नाही.”

“झालं आहे,” खुशालराव पानाकडे पाहत म्हणाले.

“मामाजी,” आरती समजुतीच्या सुरात म्हणाली. सासऱ्याला ती मामाजी म्हणे. “हौसेनं लिहिलं असेल तुम्ही. पण त्या बाई घरं विचारतील. कोणाचं नाव सांगणार?”

खुशालरावांनी डाव्या हातानं खुर्चीला अडकवलेली कापडी पिशवी जवळ ओढली आणि तिच्यातून शाळेच्या पोरांची असते तशी दोनशे पानी वही काढली. “यातलं कोणतंही सांगीन. पहिलं देवमनचं. परतवाडा. खाली फोन नंबर आहे. लाव.”

“देवमन काका?” अमोलचा घास थांबला. “बाबा, ते वारले. दोन वर्षांपूर्वी तुमीच श्रद्धांजली वाचली. मी दोन मिनिटं उभा होतो!”

“तीच तर गंमत झाली.”

आरतीनं नंबर लावला आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. बऱ्याच वेळानं पलीकडून कोणीतरी विहिरीत ओरडावं तसं ओरडलं:

“कोन? खुशाल? आज गुरुवार हाय का?”

“नाही काका, रविवार आहे. मी त्यांची सून, आरती.”

“मंग तो आज येत नाही?”

“नाही.”

“त्याले म्हना, वाघ नदीत उतरला तिथंच थांबला तू मागच्या डावाले. म्या तेव्हापासून काठावर बसून हावो. पोरगी, तू येतं का त्याच्यासंगं? ये. इथं लय जागा हाय.”

फोन बंद झाल्यावर आरतीनं तो तांब्यापासून उचलून बाजूला ठेवला.

“मेलेल्यांच्या यादीत त्याचं नाव चुकून पडलं,” खुशालराव म्हणाले. “कोणीतरी सांगतलं, मी लिहिलं. तुमी सगळे उभे राहिले. सभा संपली, वर्ष होत आलं, कोणाचाही फोन नाही, की अरे, हा तर जिता आहे. देवमनचाही नाही. मले उशिरा समजलं. माफी मागाले गेलो बसनं. पंच्याहत्तरीपुढं फुकट आहे. गुरुवार होता. तो रागावला नाही. म्हणे, ‘किती मिनिटं उभे होते लोक?’ म्हटलं, दोन. तर म्हणे, ‘एवढे? माह्यासाठी?’ अन् चहा ठेवला.” त्यांनी वहीवरून हात फिरवला. “मग म्हटलं, आणखी कोण कोण असंच राहून गेलं असेल. जुनी सभासद यादी काढली.”

“पण गुरुवारी तर तुम्ही गजानन महाराजांच्या मंदिरात जाता,” आरती म्हणाली. “दर गुरुवारी माझ्या हातावर प्रसाद ठेवता.”

“बसस्टँडवरचे पेढे होते ते.”

“वर्षभर?”

“एका गुरुवारी बुंदी होती.”

“अन् आमाले कळलं नाही,” ती स्वतःशीच म्हणाली.

“तू विचारायची ना, ‘गर्दी होती का?’ मी म्हणायचो, होती. गाडीत होतीच की.”

ते हसले. आरती हसली नाही. संध्याकाळी चार ते आठ तिच्या शिकवण्या असत. खालच्या खोलीत चाळीस पोरं, आणि जिन्यावरून उतरणाऱ्या सासऱ्याच्या चपलांचा आवाज. त्या कुठे जातात, हे तिनं वर्षभर चपलांवरच सोडलं होतं.

अमोलचं डोकं मात्र दुसऱ्या दिशेनं धावत सुटलं होतं. “अरे, मग तर प्रश्नच मिटला! बाबा, तो कागद फाडा. छाती काढून वाचा. फक्त ‘मी’ म्हणू नका. चेंबरच्या कार्यकर्त्यांनी, असं म्हणा. वही द्या इकडे, बाईंले दाखवतो. अन् ती शेवटची ओळ, निवृत्तीची, ती तेवढी राहू द्या. मानानं जाता येईल.”

“तीही काढा,” आरती म्हणाली.

“तू तर सकाळी...”

“सकाळी मी मूर्ख होते. वरण घ्या.”

भगवंतरावांनी हात धुतला, टॉवेलला पुसला, वही घेतली आणि पहिल्या पानापासून, काटा तपासावा तशी, तपासायला सुरुवात केली. परतवाडा. अचलपूर. बडनेरा. अकोला, अकोला. तीन वेळा जठारपेठ: वच्छलाबाई, कटलरीवाले वारल्यावर मागं राहिलेल्या, याच गल्लीतलं चौथं घर. त्या आंधळ्या झाल्या होत्या आणि खुशालरावांना अजून पस्तिशीचे समजत.

खुशालरावांना शेवटचं पान पाठ होतं. ते पान येऊ नये म्हणून त्यांनी आणखी एक रोडगा मागितला. तरी ते आलं.

‘बावन्नावी भेट. भगवंत धर्माळे, जठारपेठ. भगवंतने स्वतः चहा केला. साखर जास्त. दोन तास बसलो. विमलची गोष्ट निघाली. तिने अकरा जणांना चहा पाजला होता, असे मी म्हणालो. भगवंत हसला.’

वहीतल्या एक्कावन्न भेटी देवाशपथ खऱ्या होत्या. ही एक तेवढी नव्हती. वच्छलाबाईंकडून निघून ते तीनदा या हिरव्या फाटकापर्यंत आले होते. आत दिवा असायचा, पंख्याची सावली भिंतीवर फिरत असायची. कडीला हात लावला की तो व्हरांडा आठवायचा. मग शेवटची अकोला-अमरावती चुकेल असं मनाला सांगून ते वळायचे. गाड्या त्यानंतरही होत्या.

भगवंतरावांनी ते पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. वही मिटली आणि अमोलच्या हातात दिली.

“सभेत मले विचारलं,” ते म्हणाले, “तर जे झालं तेच सांगीन. तोळाभर इकडे नाही, तोळाभर तिकडे नाही.”

“बस, काकाजी! तेच पाहिजे,” अमोल खूश होऊन म्हणाला.

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

*

सभागृहात पंखे असे फिरत होते, की त्यांनाच वारा हवा असावा. अध्यक्ष महादेवराव मधल्या खुर्चीत, शेजारी ज्योत्स्नाबाई, त्यांच्या पुढ्यात ती वही. अमोलनं आल्या आल्या त्यांना दिली होती. बाई शहाण्या होत्या; त्या ती खरोखर वाचत होत्या.

खुशालराव उभे राहिले. अहवाल सुरू झाला. यंदा नेत्रतपासणी शिबिरात चष्मा मिळालेल्या एका अडत्याला पहिल्यांदाच स्वतःची बायको स्पष्ट दिसली, आणि तो माफी मागत सुटला. लोक हसले. जीएसटीच्या कार्यशाळेत इतकी शांतता होती, की दोन पालींनी तिथं संसार थाटला. लोक मांड्यांवर थापा मारू लागले. खुशालरावांचा आवाज सवयीनं चढत, उतरत होता, आणि त्यांची नजर तिसऱ्या रांगेत बसलेल्या एकाच माणसावर परत परत जात होती. भगवंतराव हसत नव्हते. आकडे ऐकत होते.

एकोणिसावं पान आलं. त्या सहा ओळी त्यांनी साध्या आवाजात वाचल्या. लोक हसायच्या तयारीत थांबून राहिले. हसायची जागा आलीच नाही.

“एक मिनिट हं,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. “मी मघाशी बाहेर जाऊन तिघांना फोन केले. एकजण रडायलाच लागले. बडनेऱ्याचे एक आजोबा म्हणाले, येतो तो माणूस खोटारडा आहे, पण वेळेवर येतो.” सभागृहात हशा झाला. “मला यातलं कोणी प्रत्यक्ष भेटलं तर बरं होईल. शेवटचं नाव तर मला इथल्या हजेरीपत्रकातही दिसतंय. भगवंत धर्माळे?”

अमोलनं मान वळवून काकांकडे अभिमानानं पाहिलं. भगवंतराव खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागले.

ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, उठायला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात खुशालरावांना कळलं, की हा माणूस खरं सांगणार आणि त्या एका भेटीपायी बाकीची सगळी दारं धाडधाड बंद होणार. देवमन, वच्छलाबाई, सगळे पुन्हा यादीत मरणार. एक वेळ आपण खोटे पडलो तर चालेल. भगवंताला आपल्यासाठी लोकांपुढं उभं राहायला लागू नये.

“बाई, दुरुस्ती आहे,” ते घाईघाईनं म्हणाले. “बावन्न नाही. एक्कावन्न लिहा. ते शेवटचं घर... तिथं जाणं झालं नाही. मी लिहिलं ते माह्या मनचं.”

सभागृहाला वाटलं, हीच ती हसायची जागा. दोन-तीन जण हसलेही. मग त्यांचं हसू मधेच राहिलं. कारण सत्तावीस वर्षांत खुशालराव धर्माळ्यांच्या तोंडून कोणताही आकडा कमी होताना त्यांनी ऐकला नव्हता. अमोलनं डोळे मिटले. आरती भिंतीपाशी उभी होती. तिनं सासऱ्याकडे पाहिलं, मग चुलतसासऱ्याकडे, आणि तोंडावर हात ठेवला.

महादेवरावांना वाढपी दारातून खुणावत होते. “ठीक आहे,” ते म्हणाले. “एक भेट कमी. आपण काही परके नाही. दुरुस्तीसह अहवाल मंजूर?”

“मंजूर!” सभा ओरडली आणि अर्धी उठलीही.

“नामंजूर.”

उठलेले खाली बसले. भगवंतराव आता पूर्ण उभे होते.

“काय नामंजूर, भगवंतराव?”

“आकडा.”

“आता तर बरोबर केला ना त्यांनी.”

“चूक केला.” भगवंतरावांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली. “तीन गुरुवार आला होता तो. वच्छलाबाईकडून निघाला, की माह्या फाटकाशी उभा राहायचा. पहिल्या डावाले दहा मिनिटं. दुसऱ्याले सतरा. तिसऱ्याले पाणी चालू होतं, छत्री नव्हती, तरी वीस. कडीले हात लावायचा, पुन्हा काढायचा. मी खिडकीच्या मागं घड्याळ घेऊन उभा होतो.”

खुशालरावांच्या हातातली अहवालाची प्रत हळूहळू खाली आली.

ज्योत्स्नाबाईंनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. “पण मग... ते आत आले का?”

“नाही.”

“तुम्ही दार उघडलं?”

“नाही.”

“मग काका, भेट झाली असं मी कसं लिहू?”

बोलायच्या आधी शब्द जोखायची भगवंतरावांची सवय सगळ्यांना ठाऊक होती. पण यावेळी काटा कुठं थांबतोय तेच त्यांना दिसत नसावं.

“तो आला होता, बाई,” ते म्हणाले. “मी घरीच होतो.”